दहापैकी नऊ

गेल्या जूनमध्ये मी तालिनमधल्या एका हॉटेलला दहापैकी नऊ गुण दिले. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण माझी तक्रार हॉटेलबद्दल नाहीच. ती माझ्या रिव्ह्यूबद्दल आहे. रिव्ह्यू साधारण असा होता: जुन्या शहराच्या अगदी मधोमध, मध्ययुगीन इमारत, खिडकीतून लाल कौलं आणि चर्चचा मनोरा दिसतो, नाश्त्याला राय धान्याचा काळा पाव अप्रतिम, माणसं नम्र. एक गुण कापला तो वाय-फायसाठी.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरी सगळा रिव्ह्यू मिळून खोटा आहे, कारण त्यात आई नाही.

मी एस्पोला राहते, हेलसिंकीच्या शेजारी. तिथून एस्टोनियाची राजधानी तालिन बोटीने दोन तासांवर. सांगलीला पाहुणे आले की त्यांना जसं नरसोबाच्या वाडीला नेतात, तसं इथल्या मराठी घरांत पाहुणे आले की तालिनला नेतात. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. वय अडुसष्ट, उजवा गुडघा दुखरा. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट नव्हती. जिना दगडी, वळणावळणाचा, पायऱ्या उंच आणि मधोमध झिजलेल्या. आई दर सहा-सात पायऱ्यांवर थांबत, भिंतीला हात लावत वर आली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. चहा झाल्यावर मी म्हटलं, चल, चौकात जाऊ. ती म्हणाली, "तू जाऊन ये. मला इथून दिसतंय सगळं."

मी गेले. परत आले तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजत आले होते. जूनमध्ये तिथे त्या वेळीही लख्ख उजेड असतो. आई त्याच खुर्चीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा उतरली, दुपारी एकदा चढली आणि पुन्हा खाली गेली ती तिसऱ्या दिवशी बॅग घेऊनच. दोन रात्री, तीन दिवस, आणि तिने तालिन बरंचसं खिडकीतून पाहिलं. बोटीत मी विचारलं, कसं वाटलं? "छान होतं की." त्या 'छान'वर विसंबून मी बोटीतच नऊ गुण देऊन टाकले.

कवितासंग्रहाचं परीक्षण लिहिताना मी कवीने काय वगळलं ते शोधत बसते. स्वतःच्या सहा ओळींच्या मजकुरात मी काय वगळलं, हे मला कळायला जवळजवळ वर्ष लागलं. यंदा आई पुन्हा येते आहे, सोबत मावशी. दोघींना तालिनला जायचंय. त्यामुळे गेले दोन महिने मी रात्री फोन घेऊन त्या शहरातल्या हॉटेलांचे रिव्ह्यू वाचते आहे. शेकडो वाचले. आपण आयुष्यात कादंबऱ्यांपेक्षा जास्त रिव्ह्यू वाचत असू, पण हा साहित्यप्रकार म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. म्हणून हे थोडं परीक्षण.

'पाच मिनिटांवर' कुणाच्या पायांनी?

या प्रकाराची स्वतःची भाषा आहे. आपल्याकडच्या फ्लॅटच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असतं, तेव्हा ती मिनिटं कुणाच्या पायांची, हे आपण विचारतो. हॉटेलच्या बाबतीत ते विचारायचं विसरतो.

तालिनपुरता एक छोटा कोश मी बनवला आहे. 'जुन्या शहराच्या हृदयात' म्हणजे टॅक्सी दारापर्यंत येईलच असं नाही आणि शेवटचा टप्पा गोट्यागोट्यांच्या दगडी रस्त्यावरून बॅग ओढत जायचं आहे. 'व्यक्तिमत्त्व असलेली खोली' म्हणजे जमीन सपाट नाही. 'उबदार' म्हणजे सूटकेस उघडायची तर दुसऱ्याने पलंगावर पाय घेऊन बसायचं. 'पोटमाळ्यावरची रोमँटिक खोली' म्हणजे तुळईला डोकं आपटणार, आणि जूनमध्ये कौलं तापली की रात्री खिडकी उघडी ठेवावी लागणार. 'चैतन्यमय परिसर' या शब्दांचा अर्थ तर शनिवारी रात्री दीड वाजता कळतो. लग्नाआधीची शेवटची मजा करायला परदेशातून मुलग्यांचे घोळके तालिनला येतात, आणि ते खालच्या बारमध्ये चैतन्यमय असतात.

यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. हॉटेलवाला विकतोय, तो गोड बोलणारच. गंमत पाहुण्यांची आहे. हॉटेलच्या पानावरचे शब्द पाहुण्यांच्या तोंडी जसेच्या तसे येतात. हॉटेल म्हणतं 'मध्ययुगीन मोहिनी', रिव्ह्यू लिहिणारा म्हणतो 'खरोखरच मध्ययुगीन मोहिनी!' म्हणजे तो खोलीचं वर्णन करत नाही; जाहिरातीत वाचलं ते मिळालं, याची पावती देतो. माझा रिव्ह्यूही असाच होता. 'अगदी मधोमध' हे शब्द मी हॉटेलच्या पानावर आधी वाचले होते.

आणि या सगळ्या गद्याचा निवेदक एकच आहे. तो तिशीतला आहे, त्याचे दोन्ही गुडघे शाबूत आहेत, त्याची बॅग पाठीवर आहे आणि त्याच्यासोबत कुणी म्हातारं माणूस नाही. 'थोड्या पायऱ्या आहेत, पण काही प्रॉब्लेम नाही' हे वाक्य मी इतक्यांदा वाचलं की ते लिहिणाऱ्याचा चेहरा मला दिसायला लागला. मागच्या वर्षी तो चेहरा माझाच होता.

सातचा अनुभव कुणालाच आला नाही

शब्दांवर विश्वास नाही म्हणून आपण आकड्याकडे जातो. ८.९ दिसलं की बरं वाटतं. पण आकडा कसा तयार होतो, ते बघा. बारच्या वरच्या मजल्यावरच्या हॉटेलला मुलग्यांचा घोळका दहा गुण देतो, कारण झोपायला दोन पायऱ्या चढल्या की झालं. त्याच रात्री शेजारच्या खोलीत लहान बाळ घेऊन राहिलेलं जोडपं चार देतं. सरासरी सात. आता त्या हॉटेलात सातचा अनुभव कुणालाच आलेला नाही. सात हा आकडा कुठल्याच खोलीत राहिलेला नाही.

दारावरच्या ताऱ्यांचंही तसंच. ते सोयींच्या यादीवरून मिळतात. तुमच्या माणसाला त्यातली कुठली सोय हवी, हे ताऱ्यांना ठाऊक नसतं.

म्हणून मी वाचायची पद्धत बदलली. एकूण गुण बघायचेच नाहीत. सर्वात कमी गुण देणारे आधी वाचायचे, कारण रागावलेला माणूस तपशील देतो. खूश माणूस विशेषणं देतो. मग रिव्ह्यूंमध्ये 'लिफ्ट', 'जिना', 'पडदे', 'आवाज' असे शब्द टाकून शोधायचं. जूनमध्ये जाणार असाल तर पडदे फार महत्त्वाचे, कारण पहाटे चारच्या सुमाराला सूर्य उगवलेला असतो. डिसेंबरात जाणार असाल तर पडद्यांचं काही नाही. तेव्हा दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, म्हणून हॉटेल बघण्याच्या जागांजवळ हवं. एकच हॉटेल जूनला आणि डिसेंबरला दोन वेगळी हॉटेलं असतात. रिव्ह्यू कुठल्या महिन्यातला, हे म्हणून आधी बघायचं.

इतिहास म्हणजे नक्की कोणता?

एवढं करूनही एक प्रश्न राहतो, आणि टीका म्हणून तोच मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तालिनची हॉटेलं 'इतिहास' विकतात. कुणाचा?

जुनं शहर खरोखर सुंदर आहे. तटबंदीचा मोठा भाग शाबूत आहे, नगरभवन १४०४ साली पुरं झालेलं, आणि १९९७ पासून सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण हे शहर शेकडो वर्षं रेवाल या नावाने ओळखलं जात होतं. ते हान्सा व्यापारसंघातलं शहर होतं, आणि खालच्या गावातली मोठी घरं प्रामुख्याने जर्मन व्यापाऱ्यांची होती. एस्टोनियन माणूस तटाच्या आत होता, तो बहुतांशी नोकर, हमाल किंवा छोटा कारागीर म्हणून. हॉटेलच्या पानावर 'व्यापाऱ्याच्या घरात राहण्याचा अनुभव' असतो. पोती वाहणाऱ्याच्या घरात राहण्याचा अनुभव कुणी विकत नाही.

पोत्यांवरून आठवलं. या व्यापारी घरांची रचना वाचताना मला एक गोष्ट सापडली. कुटुंब राहायचं ते खालच्या मजल्यावर. वरचे मजले हे गोदाम असायचं. धान्य, मीठ, असा माल. रस्त्याकडच्या त्रिकोणी भिंतीतून वर एक तुळई बाहेर काढलेली असते, तिला कप्पी लावून पोती दोराने वर ओढत. जुन्या शहरात मान वर करून चाललात, तर अशा तुळया आजही दिसतात. म्हणजे ज्या उंचीवर आमची खोली होती, तिथे मध्ययुगात माल राहायचा. मिठाला कप्पी होती. माझ्या आईला नव्हती.

पिक्क नावाची लांब गल्ली आहे, पिक्क म्हणजेच लांब. तिच्या टोकाला ७१ नंबरला 'थ्री सिस्टर्स' ही एकमेकींना खेटून उभी असलेली तीन व्यापारी घरं आहेत, आज तिथे महागडं हॉटेल आहे. त्याच गल्लीत थोडं अलीकडे, ५९ नंबरला, सोव्हिएत काळात केजीबीचं मुख्यालय होतं. तळघरात कोठड्या होत्या. खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या, आतलं ओरडणं रस्त्यावर येऊ नये म्हणून. आज तळघरात संग्रहालय आहे. जवळच ओलेविस्ते चर्चचा सुमारे १२४ मीटर उंच मनोरा. केजीबी तो रेडिओसाठी आणि टेहळणीसाठी वापरत असे. 'खिडकीतून चर्चचा मनोरा दिसतो' असं मी कौतुकाने लिहिलं होतं. कित्येक वर्षं त्या मनोऱ्यातून खिडक्या दिसत होत्या, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

एकाच गल्लीतल्या दोन दारांपैकी एका दारातला इतिहास खोलीच्या भाड्यात मिळवला जातो, दुसऱ्याचं वेगळं तिकीट काढावं लागतं. रिव्ह्यूंमध्ये 'ऐतिहासिक' हा शब्द येतो, तो नेहमी पहिल्या दारासाठी.

ज्या हॉटेलात तुमचं ऐकलं जायचं

तटाच्या वेशीबाहेर हॉटेल विरू आहे. सरळसोट, उंच, फोटोत अजिबात मोहक न दिसणारं. माझ्या मते तालिनमधलं वाचण्यासारखं हॉटेल हेच.

१९६५ मध्ये हेलसिंकी–तालिन बोट पुन्हा सुरू झाली आणि फिनिश पर्यटक येऊ लागले. त्यांचं परकीय चलन सोव्हिएत सरकारला हवं होतं, पण त्यांना शहरात मोकळं सोडायचं नव्हतं. म्हणून फिनिश कंत्राटदाराकडूनच हे हॉटेल बांधून घेतलं. ते १९७२ मध्ये सुरू झालं. लिफ्टमध्ये बटणं बावीस मजल्यांची होती. तेविसाव्यावर केजीबीची रेडिओ खोली. काही खोल्यांत आणि रेस्टॉरंटच्या टेबलांवर मायक्रोफोन लपवलेले. प्रत्येक मजल्यावर एक बाई बसायची, कोण किती वाजता आलं-गेलं याची वहीत नोंद करायची. १९९१ मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि केजीबी घाईघाईने निघून गेली. २०११ पासून तेविसाव्या मजल्यावर संग्रहालय आहे. हॉटेल मात्र चालूच आहे.

या हॉटेलची एक दंतकथा सांगतात. एक पाहुणा खोलीत एकटाच पुटपुटला, अरे, इथे टॉयलेट पेपर नाही. थोड्या वेळात दारावर टकटक, आणि पेपर हजर. आजच्या ॲपवर त्याने 'कर्मचारी' या रकान्यात दहापैकी दहा दिले असते. तत्पर सेवा, न सांगता गरज ओळखतात.

ही गोष्ट हसण्यासारखी आहे. पण रिव्ह्यू या प्रकाराची मर्यादा मला याच गोष्टीत दिसली. रिव्ह्यू सेवेचं मोजमाप करतो, सेवा का दिली जाते ते त्याच्या रकान्यांत बसत नाही. विरूमध्ये त्या काळी उतरलेल्या पाहुण्याला जेवण चांगलं मिळायचं, रात्री नाचगाण्याचा कार्यक्रमही असायचा. सामान्य एस्टोनियन माणसाला तिथे सहज जाता येत नव्हतं. तो मात्र घरी अँटेना वळवून फिनिश टीव्ही बघायचा, कारण लहरी अडवायला आखातावर भिंत नव्हती. पाहुणे शहर बघायला आले होते, आणि शहर घरात बसून पाहुण्यांचा देश बघत होतं. हॉटेल मधे उभं होतं, दोघांना एकमेकांपासून लांब ठेवत.

आजही चांगलं हॉटेल कोणतं, वाईट कोणतं, हे ठरवायला मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. हॉटेल तुम्हाला शहरापर्यंत पोचवतं, की मधे उभं राहतं? मागच्या वर्षीच्या त्या सुंदर, मध्ययुगीन, नऊ गुणांच्या हॉटेलने माझ्या आईच्या आणि तालिनच्या मधे एक दगडी जिना उभा केला होता.

तिसरा पर्याय कालामाया. नावाचा अर्थ मासळीघर; तटाबाहेरची कोळ्यांची आणि पुढे कामगारांची वस्ती. दुमजली-तिमजली लाकडी घरं. शेजारच्या जुन्या कारखान्यांत आता कॅफे, पुस्तकांची दुकानं, स्टुडिओ आहेत. तुमच्या वयाच्या लोकांना मी डोळे मिटून हेच सुचवेन. पण इथे राहायच्या जागा बऱ्याचदा भाड्याचे फ्लॅट असतात: दाराला कोड, जिना लाकडी, रिसेप्शनला माणूस नाही. मावशीचं पान जेवणानंतर रात्री दहाला संपतं आणि गरम पाण्याची मागणी साडेदहाला येते. तिला कोड चालत नाही, माणूस लागतो.

आणि लास्नामे? लाखाहून जास्त वस्तीचा, सोव्हिएत काळात बांधलेल्या इमारतींचा भाग, बरेचसे रहिवासी रशियन बोलणारे. नकाशावर हॉटेलांच्या किमतीचे ठिपके जिथे विरळ होतात, तिथे तो आहे. मीही तिथे खोली शोधली नाही. टीका करताना एवढं कबूल करायला हवं.

आईचं परीक्षण

मग काय ठरवलं? तटापासून दहा मिनिटांवर, माझ्या नव्हे तर आईच्या पायांनी दहा मिनिटांवर, एक बिनचेहऱ्याचं काचेचं हॉटेल. इतिहास शून्य. लिफ्ट आहे, खोलीत किटली आहे, पडदे जाड आहेत, दाराशी ट्राम थांबते. बाहेर पडायला त्रास नाही, त्यामुळे दिवसातून तीनदा बाहेर पडता येईल. दुपारी येऊन पडता येईल आणि संध्याकाळी पुन्हा जाता येईल. विरूचं संग्रहालयही बघू. लिफ्ट बाविसाव्यापर्यंत जाते, वर एकच जिना चढायचा. आई म्हणाली, एवढा चढेन.

बुकिंग करून झाल्यावर मी तिला व्हिडिओ कॉलवर माझा जुना रिव्ह्यू मराठीत वाचून दाखवला. माफी मागायची होती, पण आमच्यात तशी पद्धत नाही. म्हणून आडून आडून कप्पीची गोष्ट सांगितली. म्हटलं, वरचे मजले माणसांसाठी नव्हतेच गं, तिथे मीठ ठेवायचे, दोराने ओढून.

"होय की," ती म्हणाली. "मी दोन दिवस तेच बघत होते."

समोरच्या घराच्या शेंड्याला तुळई होती. तिला आकडा होता. तिच्याखाली प्रत्येक मजल्यावर, खिडकी म्हणावी तर फार मोठं, दार म्हणावं तर खाली पायरी नाही, असं एक झापांचं भगदाड. आईच्या माहेरचा हळदीचा व्यापार. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली. माल आत कसा सोडायचा, बाहेर कसा काढायचा, हे तिने लहानपणी पाहिलेलं. "आपण खाली पुरायचो, ही माणसं वर टांगायची. यांच्याकडे जमिनीत पाणी लागत असेल लगेच. समुद्र जवळ ना." थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं तुला माहीत असेल. तू काही विचारलं नाहीस."

मी संध्याकाळभर त्या शहरात फिरले होते आणि मला वर्षाने पुस्तकात वाचून जे कळलं, ते तिने खुर्चीत बसून ओळखलं होतं. माझ्या रिव्ह्यूत तिचा गुडघा नव्हता, हे मला उशिरा का होईना, कळलं होतं. तिचे डोळेही नव्हते, हे मात्र तिने सांगितल्यावर कळलं. तिच्यासाठी हळहळत बसले, तेव्हाही मी तिला 'लिफ्ट हवी असलेली बाई' एवढंच धरून चालले होते.

ॲपवर जुना रिव्ह्यू बदलता येतो का ते बघितलं. मुदत उलटून गेली होती. म्हणून आईने सांगितलेला मजकूर इथे देते. गुण द्यायला तिने नकार दिला, शाळेत आयुष्यभर तेच केलं म्हणाली.

"तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर जाऊ नका. जायचंच असेल तर रस्त्याकडची खोली मागा आणि समोरच्या घराकडे बघा. चहा बरा होता. मुलगी रात्री उशिरा आली."